बांबूला पालनी नसते

नंदुरबारमध्ये मी शिंकत शिंकत उतरले. नाशिकहून सकाळी निघालेली एसटी शहराजवळ आली तसा खिडकीबाहेर सगळा लाल रंग दिसायला लागला. रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात, नजर पोहोचेल तिथवर, मिरच्या वाळत घातल्या होत्या. या जागांना इथे पथारी म्हणतात. हंगाम संपत आला होता, तरी अर्धी बस पदर नाहीतर रुमाल नाकाला लावून बसली. कंडक्टर निवांत होता. "हे काहीच नाही," तो म्हणाला. "थंडीत या. डोळे मिटूनच उतरावं लागतं."

शेजारच्या सीटवरची बाई धानोऱ्याला निघाली होती. मांडीवरची पिशवी सावरत तिने विचारलं, "कोठे जाई ऱ्हायनात, ताई?"

"तळोद्याला. तिथून पुढे डोंगरात."

"डोंगरमा? तठे काय शे?" (डोंगरात? तिथे काय आहे?)

"भाची आहे. सरकारी दवाखान्यात डॉक्टर."

तिने मला पायांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. "गाडी जास तठे. पण येवाले टाईम लागस. मन्हा भाऊ तठे मास्तर व्हता. पोळाले गया, तो दसराले उना." (गाडी जाते, पण यायला वेळ लागतो. माझा भाऊ तिथे मास्तर होता. पोळ्याला गेला, तो दसऱ्याला आला.) एवढा धीर देऊन ती उतरली.

डोंगरातल्या ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी भाची मृणाल नोकरी करते, त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिची नोकरी अजून चालू आहे. तिने फोनवर सांगितलं होतं, "मावशी, आमच्याकडे उद्घाटन आहे. तुला उद्घाटनं आवडत नाहीत, म्हणूनच ये." निवृत्त होईपर्यंत मी एका महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळत होते. तिथल्या एकाच कपाटाचं दोन वेगवेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं मी पाहिलं आहे. कपाट दोन्ही वेळा रिकामं होतं. त्यामुळे या क्षेत्रात माझा काही अभ्यास आहे असं मृणालला वाटत असावं.

या वेळी उद्घाटन होतं माहेरघराचं. दूरच्या पाड्यांवरच्या बायकांनी दिवस भरायच्या आधीच खाली यावं, सोबत घरचं माणूस आणावं, दवाखान्याच्या आवारातच राहावं आणि कळा सुरू झाल्या की चार पावलांवर डॉक्टर असावी, अशी ही कल्पना. कल्पना इतकी साधी आणि शहाणपणाची आहे की ती सरकारी आहे यावर चटकन विश्वास बसत नाही.

तापी ओलांडून तळोद्याला पोहोचले तेव्हा बाजार होळीच्या खरेदीने फुगला होता. गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं सणासाठी परतत होती. ट्रकमधून भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि पोरं एकाच ढिगातून उतरत होती. डोंगरात जाणाऱ्या जिपा एका रांगेत उभ्या होत्या. कधी निघणार, असं विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "भरली की." माझ्या मते ती भरून बराच वेळ झाला होता. त्याच्या मते टप मोकळा होता.

घाटात जीप तापली. ड्रायव्हरने झाकण उघडलं, वाफ निघून जाऊ दिली आणि हात मागे केला. मागच्या कुणीतरी माझी पाण्याची बाटली माझ्या हातून घेऊन त्याच्याकडे दिली. गाळून उकळून आणलेलं ते पाणी इंजिनाने एका घोटात संपवलं. आम्ही सगळे खाली उतरून उभे राहिलो. साग पानं झाडून उघडा झाला होता, उतारावर मधूनच पळस पेटल्यासारखा दिसत होता, आणि मोहाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. एवढ्या शांततेत ड्रायव्हरने गाडीला घातलेल्या शिव्या फार स्पष्ट ऐकू आल्या.

दवाखान्याच्या फाटकात मांडव उभा राहत होता. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत लाल गालिचा अंथरला होता आणि त्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून एक माणूस बसवला होता. तो स्वतः गालिच्यावर बसला होता. फलकावर मान्यवरांचे फोटो होते, आणि कोपऱ्यात एक गोरीपान गर्भवती भरजरी शालू नेसून हसत होती. या डोंगरात तशी बाई मला नंतर कुठेच दिसली नाही.

"हेच ते माहेरघर," मृणालने दाखवलं. दवाखान्याला लागून नवी खोली होती. दाराला कुलूप, कुलपापुढे लाल फीत. खिडकीतून आत पाहिलं. खाटा होत्या, गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, पंखाही होता.

"कधी बांधून झालं?"

"मागच्या पावसाच्या आधी."

"आणि मग?"

"मग पाहुण्यांची तारीख मिळेना."

तालुक्याहून तयारीला एक साहेब आले होते. गृहस्थ वाईट नव्हते, फक्त घाबरलेले होते. त्यांनी मृणालला बाजूला घेतलं. "मॅडम, पुढच्या रांगेत लाभार्थी हव्यात. पाच-सहा तरी. पारंपरिक वेशात. आणि..." त्यांनी माझ्याकडे पाहून आवाज खाली केला, "पोट दिसलं पाहिजे. मागच्या कार्यक्रमात फोटोत कळतच नव्हतं."

"वरच्या पाड्यावर एक आहे," मृणाल म्हणाली. "गिरजा. मी स्वतः जाऊन घेऊन येते."

साहेबांना हा उत्साह फार आवडला. खरं कारण तिने मला जेवताना सांगितलं. मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी पुढ्यात होती. गिरजाला आठवा सरून नववा लागला होता. पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यावर झोळीत घालून तिला खाली आणलं. बाळ वाटेतच जन्मलं. मुलगा होता. रडला नाही. या वेळी पाय सुजले होते आणि बीपी चढत होतं, म्हणून मृणालला ती कळा यायच्या आधी इथे हवी होती. दोनदा निरोप पाठवला होता. उत्तर एकच आलं, होळी झाल्यावर येतो.

"उद्या कार्यक्रमाला म्हणून आणते," मृणाल म्हणाली. "आणि मग खाली ठेवून घेते. फसवणूकच आहे. चालेल."

पहाटेच निघालो. बरोबर जमनाबाई होती, त्या पाड्याची आशा कार्यकर्ती. अंगाने काटक, तोंडाने त्याहून. ती पावरी बोलते, मराठी शाळेत शिकली, आणि शहरातून आलेल्या बायकांच्या बुटांवर तिची ठाम मतं आहेत. "मावशी, हे बूट चालायचे आहेत का दाखवायचे?" तिने चढणीच्या सुरुवातीलाच विचारलं. अर्ध्या वाटेवर माझ्या बुटाचा तळ सुटला, तेव्हा तिने आपल्या पिशवीतली सुतळी काढून तो बांधून दिला आणि काहीही बोलली नाही. ते जास्त लागलं.

वाट म्हणजे नाल्याचा कोरडा काठ, मग दगडांची उतरंड, मग पुन्हा नाला. चढताना मी मनातल्या मनात ही वाट उलटी चालून पाहत होते. उतरताना, खांद्यावर बांबू, बांबूला झोळी, झोळीत कळा देणारी बाई. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढंही भरत नाही.

पाडा म्हणजे टेकडीवर लांब लांब विखुरलेली घरं. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात मोहाची फुलं वाळत पडलेली. आम्ही पोहोचलो तेव्हा वरच्या अंगणात दहाबारा पुरुष नटत होते. अंगावर राखेचे आणि पिठाचे ठिपके, कमरेला वाळके दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचे उंच मुकुट, त्यांत मोरपिसं. हे होळीचे बुध्या (नवस बोलून होळीला नाचणारे). खाली भोंगऱ्याच्या बाजाराला (होळीआधीच्या बाजाराला) निघाले होते.

"यांना हात लावू नका," जमनाबाईने बजावलं. "पालनी चालू आहे."

पालनी म्हणजे होळीचं व्रत. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, बाईच्या हातचं खायचं नाही आणि बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. त्यांच्यातला सर्वांत उंच मुकुटाचा, गंभीर चेहऱ्याचा तरुण म्हणजे रायसिंग, गिरजाचा नवरा. त्याने पालनी धरली होती ती याच बाळासाठी. मूल जिवंत जन्माला यावं, म्हणून.

गिरजा घरात चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. मृणालने तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मावशी, हिला आत्ता खाली न्यायचं."

"डोकं दुखतंय का विचार," ती जमनाबाईला म्हणाली. दुखत होतं. कालपासून. डोळ्यांपुढे चांदण्या येत होत्या. मृणालने एक गोळी दिली आणि बाहेर अंगणात येऊन मला हळूच सांगितलं, "झटके आले तर दोघंही हातची जातील. चालवायचं नाही हिला. झोळी लागेल."

गिरजाची सासू वेस्तीबाई दारातच उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, पण झोळी हा शब्द तिला कळला. ती भराभर काहीतरी बोलली.

"म्हणते, मागच्या वेळी झोळीनेच नेली होती," जमनाबाईने सांगितलं. "म्हणते, तिथे चूल आहे का? बाळंतिणीला शेक कोण देणार? पंखा देणार का?"

"चुलीचं मी बघते," मृणाल म्हणाली. "झोळीला माणसं बोलाव."

जमनाबाईने वरच्या अंगणाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "माणसं तीच आहेत," ती म्हणाली. "बाकीचे उसावरून अजून यायचे आहेत. जे आहेत ते पालनीत."

माझा स्वतःचा देवाधर्माशी संबंध बेताचा आहे. शहरात बसून मी या प्रसंगावर एक खरमरीत पत्र लिहिलं असतं. पण त्या अंगणात रायसिंगचा चेहरा पाहिला आणि पत्र विरून गेलं. तो हट्टाने उभा नव्हता. बायको आत आहे, तिला उचलायचं आहे, आणि ज्यांनी उचलायचं त्यांनी स्पर्श केला तर ज्याच्यासाठी सगळं केलं ते मूलच जाईल, अशा कोंडीत तो उभा होता. जमनाबाईकडून मी विचारून घेतलं. तो म्हणाला, "मागच्या वेळी मी पालनी धरली नव्हती. तेव्हा काय झालं ते पाहिलं."

वाद घालायला वेळ नव्हता. जमनाबाईने पदर खोचला, वेस्तीबाईने घरातून जाड गोधडी आणली, शेजारच्या दोघीजणी बांबू घेऊन आल्या. गाठी बांधल्या, गिरजाला अलगद आत घेतलं, आणि चौघींनी बांबू खांद्यावर घेतला. मृणाल खांदा द्यायला गेली तर वेस्तीबाईने तिला कोपराने बाजूला केलं.

"म्हणते, तू पडलीस तर सुई कोण देईल?"

निघताना एका शेजारणीने वरच्या अंगणाकडे ओरडून काहीतरी म्हटलं. बायका हसल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या. अर्थ विचारला तर जमनाबाई धापा टाकत म्हणाली, "म्हणाली, तुम्ही नाचा रे, पोरं आम्हीच आणतो आणि आम्हीच पोहोचवतो."

पुरुष तरी कुठे जाणार? त्यांनाही त्याच वाटेने खाली उतरायचं होतं. तेव्हा पुढे झोळी, मध्ये आम्ही, आणि मागे घुंगरं वाजवत, मुकुट फांद्यांतून वाचवत सगळी बुध्या मंडळी, अशी आमची वरात निघाली. त्यांच्यात वाद पेटला होता. गेमा नावाचा एक डाया (पाड्यातला जाणता म्हातारा) त्यांच्यासोबत होता. तोंडात दात थोडे, हातात काठी, आणि सगळे त्याच्याशीच भांडत होते. मला शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. ग्रंथालय समितीच्या बैठका अशाच चालत.

दगडांच्या उतरंडीपाशी पुढच्या बाईचा पाय सरकला. झोळी एका बाजूला कलली. गिरजाने दोन्ही हातांनी गोधडीची कड घट्ट धरली. बायकांनी झोळी जमिनीवर टेकवली. सगळ्या घामाने निथळत होत्या. खाली अजून बरीच उतरण होती. मृणालने गिरजाच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "कळा सुरू झाल्यात."

गेमा पुढे आला. त्याने काठीने बांबूला टकटक केलं आणि रायसिंगला काहीतरी विचारलं. जमनाबाई माझ्या कानात सांगत गेली.

"विचारतो, हे काय आहे?"

रायसिंग म्हणाला, "बांबू."

"बांबू बाई आहे का?"

"नाही. पण बांबूला गोधडी आहे, गोधडीत बाई आहे."

"तू रात्री कशावर झोपतोस?"

"जमिनीवर."

"त्याच जमिनीवर तुझी आई चालते, बायको चालते. मग जमीन सोडून दे. झाडावर झोप."

कुणीतरी हसलं. पण दुसऱ्या एका बुध्याला हे पटलं नाही. गोधडी हलली आणि अंगाला लागली तर, असं त्याचं म्हणणं होतं.

"तर मग घट्ट धर, हलू देऊ नकोस," गेमा म्हणाला. "पालनी माणसाला असते. बांबूला पालनी नसते. आणि चुकलं तर माझ्यावर. मी म्हातारा आहे, देव मला किती दिवस धरून ठेवणार?"

आमच्याकडच्या कुठल्याही कार्यालयात हा निर्णय व्हायला तीन बैठका आणि एक उपसमिती लागली असती. मुख्य म्हणजे, चुकलं तर माझ्यावर, हे वाक्य मी माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही ऐकलं नव्हतं.

रायसिंग वाकला. त्याने बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं आणि मान एका बाजूला वळवून धरली, कुठेही स्पर्श होऊ नये अशी. आणखी तिघे पुढे आले. मग ते असे उतरले की आम्हाला पळावं लागलं. घुंगरं एकाच तालात वाजत होती आणि झोळी मात्र जवळजवळ स्थिर होती. मधल्या मैलभरात मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा जमनाबाईने मला नावाने हाक मारून उठवलं.

फाटकात आलो तेव्हा समारंभ तयार होता. खुर्च्या भरल्या होत्या, आरतीची ताटं घेऊन मुली उभ्या होत्या, निवेदक माइक हातात घेऊन रस्त्याकडे पाहत होता. पाहुणे अजून यायचे होते. स्वागताला पारंपरिक नृत्याचं पथक सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी निवेदकाला एवढंच दिसलं की मोरपिसांचे मुकुट आणि घुंगरं झपाट्याने फाटकाकडे येत आहेत.

"आणि आता," तो माइकमध्ये म्हणाला, "आपल्या सातपुड्याची शान, आपली आदिवासी संस्कृती जपणारं पथक आपल्यासमोर येत आहे! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. फोटोवाला गुडघ्यावर बसला. मुलींनी फुलं उधळली. रायसिंग आणि त्याचे साथीदार इकडे तिकडे न पाहता लाल गालिच्यावरून सरळ आत आले, कारण आत जायला दुसरी वाटच ठेवली नव्हती. झोळी जवळ आली आणि आत बाई आहे हे पुढच्या रांगेला दिसलं, तशा टाळ्या पुढून मागे अशा क्रमाने थांबल्या. निवेदक मात्र अजून बोलत होता. मृणाल त्याच्या बाजूने जाताना म्हणाली, "माइक बंद करा आणि गरम पाणी सांगा." हे वाक्यही माइकवर गेलं.

बाळंतपणाच्या खोलीचं दार लागलं. बुध्या मंडळी आवारात उभी राहिली. साहेब मांडव आणि दवाखाना यांच्यात येरझाऱ्या घालत होते. पाहुणे येतील तेव्हा आतून बाईचा आवाज आला तर कसं दिसेल, अशी त्यांना काळजी होती. पाहुण्यांच्या सहायकाचा फोन आला आणि ती काळजी मिटली. पाहुण्यांना दुसरीकडे जावं लागलं, कार्यक्रम पुढे ढकलला. साहेब एका खुर्चीवर बसले आणि त्यांनी बूट काढले. त्या दिवसात प्रथमच ते मला माणसासारखे दिसले. वेस्तीबाई समोर जमिनीवर बसली होती. त्यांनी आपल्या टेबलावरची पाण्याची बाटली उघडून तिला दिली.

ऊन कलताना मुलगी झाली. दारातून मृणाल बाहेर आली, तिच्या कपाळावर घाम होता. "इंजेक्शन वेळेवर गेलं. झटके आले नाहीत. मुलगी बरी आहे. गिरजाचं बीपी उतरतंय. उतरलं नाही तर तळोद्याला हलवीन."

वेस्तीबाईला राहायला जागा हवी होती. मृणालने साहेबांपुढे हात पसरला. साहेबांनी कुलपाकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, आणि खिशातून चावी काढून दिली. "फीत मात्र राहू द्या," ते म्हणाले. "ती तारखेला लागेल."

दार उघडलं. मी फीत बाजूला करायला गेले तर वेस्तीबाईने माझा हात धरला. तिने जमनाबाईला काहीतरी विचारलं.

"विचारते, ही कोणी बांधली? म्हणते, कुणाचा तरी नवस असेल. दुसऱ्याचा नवस तोडू नये."

आणि ती फितीखालून वाकून आत गेली. मग आम्ही सगळेच वाकून गेलो. आत गाद्यांचं प्लॅस्टिक तिने एका झटक्यात फाडलं, पंख्याकडे संशयाने पाहिलं, आणि मागच्या दाराने बाहेर पडून तीन दगड शोधायला लागली. तासाभरात माहेरघरामागे चूल पेटली होती आणि तिच्यावर पेज शिजत होती. मलाही वाटीभर मिळाली. सपक होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

सकाळी गिरजाचा चेहरा थोडा उतरला होता, म्हणजे सूज उतरली होती. मृणालने तिला आणि बाळाला माहेरघरात हलवलं. बुध्या मंडळी निघायच्या तयारीत होती. होळी अजून व्हायची होती, पालनी सुटायची होती. रायसिंग खिडकीपासून जरा दूर, अंगणातच उभा राहिला. आत यायला त्याला कुणी मना केलं नव्हतं. तोच येत नव्हता. तिथूनच तो जमनाबाईला काहीतरी म्हणाला.

"विचारतो, रडते का ती?"

"झोपली आहे," मृणाल म्हणाली. "छान दूध पिऊन झोपली आहे. सांग त्याला."

जमनाबाईने सांगितलं. तो पुन्हा एक वाक्य बोलला.

"म्हणतो, मागचा रडला नव्हता."

वेस्तीबाईने बाळाला खिडकीपाशी आणलं आणि त्याच्या इवल्या तळव्यावर बोटाने टिचकी मारली. मुलीने आधी तोंड वाकडं केलं, श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की मांडव सोडणारी माणसं वळून पाहायला लागली. रायसिंग मान खाली घालून ऐकत होता. रडणं पूर्ण थांबेपर्यंत त्याने ऐकलं. मग मुकुट सारखा केला आणि डोंगराच्या वाटेला लागला.

मी त्याच दिवशी निघाले. परतीच्या जिपेत टपावर बोकड होता आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी टोपली. नंदुरबारला बसची वाट पाहताना पुन्हा शिंका आल्या. आरोग्य सेवा दुर्गम भागात पोहोचली, असं वाक्य मी आजवर कितीतरी अहवालांत वाचलं आहे. मी पाहिलं त्यात सेवा आपल्या जागेवर होती, कुलपात होती. पोहोचली ती गिरजा, आणि ती चार खांद्यांवरून, एका म्हाताऱ्याने चूक अंगावर घेतली म्हणून. मृणाल हुशार आहे, तिची औषधं चांगली आहेत. पण त्या दगडांच्या उतरंडीवर तिचं काहीच चालत नव्हतं. तिथे रस्ता नाही, आणि रस्त्याचं उद्घाटन करायला अजून कुणी तारीख मागितलेली नाही.

होळीनंतर मृणालचा फोन आला. माहेरघराची नवी तारीख ठरायची आहे. तोवर खालच्या पाड्यावरून दोन बायका आपणहून येऊन राहिल्या आहेत आणि मागच्या चुलीवरून त्यांचं वेस्तीबाईशी एकदा भांडणही झालं.

"आणि गिरजा?"

"काल घरी गेली. पालनी सुटली तसा रायसिंग स्वतः न्यायला आला. मुलगी त्याच्याकडे, मागे गिरजा, त्यामागे सासू दोघांना शिव्या देत. मी नाल्यापर्यंत गेले होते सोडायला."

"मुलगी?"

"रडत होती. चढणीपर्यंत ऐकू येत होती. कुणी तिला गप्प करत नव्हतं."